आधी कास्टिंग, मग पंचगंगा

'ताई, मी २४ वर्षांची. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कॅडवर बसते. बाबा पॅटर्नमेकर, उद्यमनगरात त्यांचं छोटं शॉप आहे. २०१९ ला आमच्या घरात पाणी आलं, २०२१ ला परत आलं. तेव्हापासून डोक्यात आहे की पंचगंगेचा पूर वेबवर त्रिमितीत दाखवायचा. बोटानं फिरवता आला पाहिजे, तारीख सरकवली की पाणी चढलं पाहिजे. आठ महिने व्हिडिओ बघून शिकतेय. फिरणारा ठोकळा झाला, फिरणारी पृथ्वी झाली, पुढं गाडी हलत नाही. स्वतःचं काही लिहायला बसलं की नुसता काळा पडदा. एक ऑनलाइन क्लास ४० हजार मागतोय. गणितात मी कशीबशी पास होत आले. लॅपटॉप सहा वर्षांचा. आई म्हणते, सोन्यासारखी नोकरी आहे, नसता नाद कशाला. क्लास लावू का? आणि सुरुवात नक्की कुठून करू?'
– कुंभार गल्ली, शाहूपुरी इथली एक वाचक

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं ते पुरासाठी. दुसऱ्यांदा वाचलं ते दोन शब्दांसाठी: 'बाबा पॅटर्नमेकर'. ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो नमुना, म्हणजे पॅटर्न, घडवणारे बाबा. तू ते जाता जाता लिहून गेलीस, पण मला तुझं उत्तर तिथंच सापडलं.

आधी सरळ सांगते. क्लास लावू नकोस. आणि सुरुवात पुरापासूनही करू नकोस. तुझ्या फाउंड्रीतलं एक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून काढलेला पार्ट, घे आणि ते कुठं कुठं खराब निघतं हे त्याच्याच अंगावर दाखवणारं एक वेबपान कर. पूर त्याच्यानंतर. असं का म्हणते ते जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं 'हे कर, ते करू नको' एवढ्यानं तुझं भागणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी गुळाच्या आवकेचा एक त्रिमिती आलेख केला होता. एका कडेला महिने, दुसऱ्या कडेला वर्षं, आणि प्रत्येक चौकोनात एक उभा खांब. खांबाची उंची म्हणजे आवक. रंग गुळाचाच दिला होता, सावल्या पडत होत्या, माउसनं सगळं गरागरा फिरत होतं. मार्केट यार्डातल्या एका अडत्याला दाखवायला घेऊन गेले. त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला, थोडा वेळ बघितलं आणि मग मान वाकडी करून पडद्याच्या कडेनं खांबांच्या मागं बघायला लागले. म्हणाले, 'मागचं दिसंना की ओ. आणि ह्यो खांब मोठा हाय, का नुसता जवळ हाय?' दुसऱ्या दिवशी तेच आकडे मी कागदावर साध्या रेघांनी काढून नेले. चहा संपायच्या आत त्यांनी दोन रेघांवर बोट ठेवून त्या वर्षी काय झालं होतं ते सांगितलं.

त्यांचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल या दोन अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये हेच तपासलं होतं, की आलेखातली कुठली गोष्ट माणसाच्या डोळ्याला अचूक मोजता येते. एकाच पट्टीवरच्या खुणांची जागा आपण सगळ्यांत चांगली ओळखतो. लांबी, कोन, क्षेत्रफळ असं करत करत अंदाज बिघडत जातो, आणि घनफळाशी आलो की तो फारच ढिला होतो. त्यात लांबचं लहान दिसतं आणि पुढचं मागच्याला झाकतं. म्हणजे साध्या आकड्यांना उगाच तिसरी मिती जोडली, तर वाचणाऱ्याच्या हातात जे होतं तेही आपण काढून घेतो.

मग तिसरी मिती घ्यायची कधी? माझ्यापुरतं उत्तर असं: माहितीला स्वतःची जागा असेल तेव्हा. ती एखाद्या वस्तूच्या अंगावर असेल, जमिनीच्या चढउतारावर असेल, कशाच्या तरी पोटात असेल. किंवा तीन राशी एकमेकींत अशा गुंतलेल्या असतील की त्यांचा मिळून एक पृष्ठभागच तयार होतो. हे दुसरं क्वचित घडतं, पण त्याचं एक उदाहरण बाबांना जरूर सांग. अमेरिकी शास्त्रज्ञ विलार्ड गिब्ज यांनी १८७३ मध्ये पदार्थाचं आकारमान, एन्ट्रॉपी आणि ऊर्जा यांचा मिळून एक पृष्ठभाग कल्पिला. तिकडं इंग्लंडात जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी तो लेख वाचला आणि १८७४ मध्ये तो आकार चक्क मातीत हातानं घडवला, त्यावरून प्लास्टरचे साचे काढले आणि एक गिब्जना अमेरिकेला धाडला. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण समजून घ्यायला आणि समजावून सांगायला पॅटर्नमेकरचंच काम करायला बसला.

आता तुझा पूर बघ. राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी म्हणजे तारीख, वेळ आणि फूट. तिला तिसरी मिती नको, साधी रेघ पुरते. पाणी कुठल्या गल्लीत शिरलं हे मात्र जमिनीच्या उंचसखलपणावर ठरतं, तिथं तिसरी मिती खरोखर लागते. म्हणजे तुझी कल्पना चांगली आहे, तिच्यात खोट नाही. अडचण वेगळीच आहे. पुराचं मॉडेल चुकलं तर ते चुकलंय हे तुला कळणारच नाही. चुकीचं निळं पाणीसुद्धा पडद्यावर तितकंच सुंदर दिसतं. शिकताना आपल्या चुका लगेच उघड्या पडतील अशी वस्तू हातात लागते, आणि कास्टिंग तर शब्दशः हातात घेता येतं. पडद्यावर ब्लो होल (वायूनं पडलेलं छिद्र) डाव्या कानाजवळ दिसतंय आणि टेबलावरच्या पीसला ते उजवीकडं आहे, तर तुला पाच सेकंदांत कळेल की एक अक्ष उलटा झालाय.

फाउंड्रीत रिजेक्शन रजिस्टर असेलच. तारीख, हीट नंबर (धातूच्या वितळवणीचा क्रमांक), पॅटर्न नंबर, दोषाचं नाव, नग. दोष पीसवर नक्की कुठं होता, ही जागा त्यात बहुधा लिहिलेली नसते. हीच तुझी पहिली कमाई. साहेबांना विचारून एकच पार्ट निवड, सारखा चालणारा. महिनाभर रिजेक्ट झालेल्या प्रत्येक पीसवर खडूनं खूण कर, ड्रॉइंगमधल्या डेटमपासून (मापं जिथून धरतात त्या जागेपासून) तीन मापं घे आणि वहीत लिही. पन्नास-साठ नोंदी झाल्या तरी पुष्कळ. त्या महिन्यात एकूण किती पीस ओतले तेही लिहायला विसरू नकोस. जूनमध्ये बारा दोष आणि जुलैत वीस यावरून काहीच कळत नाही. जुलैत काम दुप्पट झालं असेल तर उलट सुधारणाच आहे.

मग त्या पार्टचा आकार कॅडमधून एसटीएल (त्रिकोणांनी बनलेल्या पृष्ठभागाची फाईल) म्हणून काढ आणि वेबवर आण. तुझा काळा पडदा इथंच परत येईल, म्हणून त्याबद्दल जरा थांबून लिहिते. एसटीएल फाईलमध्ये एकक नसतं. ३०० म्हणजे ३०० मिलिमीटर हे तुला ठाऊक, ब्राउझरला नाही. तुझा कॅमेरा पाच एककं लांब उभा असेल आणि पार्ट ३०० एककं मोठा असेल, तर कॅमेरा थेट लोखंडाच्या पोटात गेला. आतून बघताना पृष्ठभागाची मागची बाजू काढलीच जात नाही, म्हणून काळोख. शिवाय तुझ्या कॅडमध्ये वरची दिशा बहुधा झेड असेल, थ्री-जेएस या वेबवर त्रिमिती चित्र काढणाऱ्या लायब्ररीत ती वाय असते, त्यामुळं पार्ट आडवा पडतो. काळा पडदा आला की मी ठरलेल्या क्रमानं बघते. फाईलवर डबलक्लिक करून पान उघडलंय का? तसं केलं तर ब्राउझर मॉड्यूल लोडच करत नाही, आपल्याच मशीनवर छोटा सर्व्हर चालवावा लागतो. कॅमेरा वस्तूच्या आत आहे का? त्याच्या जवळच्या आणि लांबच्या मर्यादेत वस्तू बसते का? दिवा लावलाय का? आणि ब्राउझरचा कन्सोल (चुका दाखवणारी खिडकी) उघडून तिथलं लाल अक्षर वाचलंय का? निम्म्या वेळा उत्तर या शेवटच्यातच असतं, आणि घाबरून आपण नेमकं तेच वाचत नाही.

आकार दिसला की त्याला अर्धपारदर्शक कर आणि वहीतली प्रत्येक नोंद एका छोट्या गोळीनं दाखव. साठ गोळ्या म्हणजे साठ वेगळ्या वस्तू करू नकोस. एकच गोळी साठ जागी काढायची सोय थ्री-जेएसमध्ये आहे, इन्स्टन्स्ड मेश नावाची, ती आताच शिकून घे. पुढं साठाच्या साठ हजार झाल्या की तीच उपयोगी पडेल. गोळीचा रंग दोषाच्या प्रकारावरून. इथं एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा उमगली. दिव्याच्या सावलीत रंग काळवंडतो, आणि रंगालाच अर्थ दिलेला असेल तर सावलीतली गोळी वेगळ्याच प्रकारची वाटते. म्हणून आकाराला उजेड-सावली असू दे, ती लागतेच, पण माहितीच्या गोळ्यांना दिव्याचा परिणाम न होणारं बेसिक मटेरियल दे.

हे पान तयार झालं की तुझ्या खात्यातल्या जुन्या मोल्डरला दाखव. वायू वर चढतो, त्यामुळं गॅसचे दोष कोपच्या, म्हणजे साच्याच्या वरच्या अर्ध्या भागाच्या, बाजूला गोळा झालेले दिसू शकतात. आकसण्यामुळं पडलेली पोकळी जाड भागात, जिथं धातू शेवटी थिजतो आणि रायझरचं (जादा धातू पुरवणाऱ्या पोकळीचं) पोषण पोचत नाही तिथं. रजिस्टरमध्ये दोन्हीकडं 'होल' एवढाच शब्द असतो. गोळ्यांची दाटी नेमकी कुठं झालीय हे बघून तो माणूस काय बोलतो ते वहीत लिहून घे. मात्र पार्ट कस्टमरचा असतो, ड्रॉइंगही त्याचंच. हे पान फाउंड्रीच्या मशीनवरच राहू दे, इंटरनेटवर चढवू नकोस. लोकांना दाखवायला नमुना हवा असेल तर बाबांच्या शॉपमधला स्वतःचा एखादा जुना पॅटर्न घे.

आता क्लासचं. ब्राउझरमध्ये ग्राफिक्स चिपला काम सांगणारं वेबजीएल हे मानक २०११ मध्ये आलं. थ्री-जेएस रिकार्डो काबेयो यांनी २०१० मध्ये खुलं केलं आणि आजही ते फुकट आहे, त्याची शेकडो उदाहरणं कोडसकट बघायला मिळतात. ४० हजार देऊन तू बहुतेक तीच उदाहरणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकशील. तुला माहिती कमी पडत नाहीये, तुझा हात वळलेला नाही. व्हिडिओ बघून पॅटर्न तासता येत नाही, हे तुझ्या घरात मी वेगळं सांगायला नको. एक उदाहरण उघड, ते स्वतः टाइप कर, कॉपी नको. मग त्यातला एकच आकडा बदल, आणि रन करायच्या आधी काय होईल ते कागदावर लिही. अंदाज चुकला की ती जागा तुझी शिकायची. आठवड्याला दोन उदाहरणं अशी केलीस तरी आठ महिन्यांच्या व्हिडिओंपेक्षा पुढं जाशील.

त्याआधी महिना-दीड महिना मात्र निव्वळ जावास्क्रिप्टला दे: यादी फिरवणं, फाईल मागवणं, बटण दाबल्यावर काहीतरी घडवणं. मग डी-थ्री ही आलेख काढायची लायब्ररी वापरून राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची सपाट रेघ काढ, ३९ फुटांवर इशाऱ्याची आणि ४३ वर धोक्याची आडवी रेषा घालून. ही रेघ पुराच्या कामात तशीच्या तशी लागणार आहे. शेडर वगैरे शब्दांच्या मागं आत्ता लागू नकोस.

गणिताची धास्ती मनातून काढ. ३९ फुटांना फिकट निळा, ५६ ला गडद, मग ४७ ला कुठला? हे त्रैराशिक आहे. डी-थ्रीमध्ये त्याला स्केल असं भारदस्त नाव आहे, एवढंच. कॅमेरा वस्तूभोवती फिरवायला साइन आणि कोसाइन लागतात, ते तू डिप्लोमाला केलेत. मॅट्रिक्सचे गुणाकार लायब्ररी करते. आणि जे पुस्तकातून शिकायला लोकांना वर्ष लागतं ते तुझ्याकडं आधीच आहे: वस्तू न बघता ती मनात फिरवणं, तीन दृश्यांवरून आकार ओळखणं, शून्य कुठं धरायचं ते आधी ठरवणं. बाबा पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा करतात ना, बीडाला (ओतीव लोखंडाला) मीटरमागं साधारण १० मिलिमीटर, कारण धातू थिजून थंड होताना आकसणार? ती वाढ ते कधीही अंदाजपंचे देत नाहीत, आणि ती दिलीय हे विसरतही नाहीत. ही सवय तुला पुराच्या कामात पुन्हा भेटेल.

तर पूर. कास्टिंग हातावेगळं झाल्यावर जमिनीची उंची लागेल. फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर यानानं ११ दिवसांत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती मोफत मिळते, एकेक अंश लांबी-रुंदीच्या फरशांमध्ये. तुझी फरशी म्हणजे उत्तर अक्षांश १६ आणि पूर्व रेखांश ७४ पासून सुरू होणारी. कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी सगळे तिच्यात येतात, गगनबावडा मात्र शेजारच्या फरशीत जातो. सुमारे ३० मीटरच्या अंतरानं ३६०१ गुणिले ३६०१ उंच्या, म्हणजे जवळपास १ कोटी ३० लाख बिंदू आणि २६ एमबीची फाईल. ती अख्खी कुणाच्या मोबाईलवर पाठवायची नसते. शहर आणि नदीचा पट्टा कापून २५६ गुणिले २५६ बिंदूंवर आण, त्याचेही १ लाख ३० हजार त्रिकोण होतात आणि ते साध्या फोनला झेपतात.

ही फाईल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा पन्हाळ्याच्या जागी उलटे खिळे ठोकलेली फळी दिसत होती. दोन दिवस डोकं धरून बसले होते. प्रत्येक उंची दोन बाइटांची असते आणि फाईलमध्ये मोठा बाइट आधी असतो, आपल्या मशीन धाकटा आधी धरतात. वाचताना क्रम स्पष्ट सांगितला आणि डोंगर जागेवर आले. मग मधेच अथांग विहिरी दिसल्या. जिथं मोजमाप मिळालेलं नाही तिथं उणे ३२७६८ लिहिलेलं असतं, ते आधी बाजूला काढायचं. आणि आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम अंश उत्तर-दक्षिण अंशापेक्षा साधारण ४ टक्के आखूड असतो, तेवढं दाबून घे, नाहीतर नकाशा रुंदीला फोफशा होतो.

उंची खऱ्या मापात दाखवलीस तर तुझा हिरमोड होईल. पन्हाळा शहरापासून २० किलोमीटरवर आणि शहरापेक्षा साधारण ४०० मीटर उंच. पडद्यावर २० किलोमीटरला १००० पिक्सेल दिले तर अख्खा पन्हाळा २० पिक्सेलचा. म्हणून उंची दुप्पट-तिप्पट करावी लागते, सगळेच करतात. पण 'उंची तिप्पट करून दाखवली आहे' हे पडद्यावर लिही. पॅटर्नची वाढ जशी ड्रॉइंगवर लिहिलेली असते, तसं.

आणि आता या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. इशारा आणि धोका यांच्यात ४ फुटांचं अंतर, म्हणजे जेमतेम १.२ मीटर. या फाईलमधली उंची पूर्ण मीटरमध्ये येते, तिच्यात कित्येक मीटरची चूक असू शकते, आणि रडारनं बऱ्याच ठिकाणी जमीन नाही तर झाडांचे शेंडे आणि घरांची छपरं मोजलेली असतात. ज्या फरकावर आपलं गाव रात्रभर जागं राहतं, तो फरक या फाईलला दिसतच नाही. शिवाय बंधाऱ्यावरचे ४३ फूट हे तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे, समुद्रसपाटीपासूनचे नव्हेत. त्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची जलसंपदा विभागाकडून मिळवल्याशिवाय दोन्ही आकडे जोडताच येत नाहीत. आणि पाणी सपाट नसतं. नदी वाहतेय म्हणजे तिचा पृष्ठभाग उतरता आहे, खाली नृसिंहवाडीला कृष्णेची फूग (मागं तुंबलेलं पाणी) असते. एकच निळी फळी वर सरकवली तर वरच्या अंगाला पाणी कमी दिसेल, खालच्या अंगाला जास्त, आणि नदीशी काहीही संबंध नसलेली एखादी खणसुद्धा भरलेली दिसेल.

म्हणून 'तुमच्या घरात पाणी येईल का' असं पान तू करू नकोस. बटण दाबून आपलं घर कोरडं दिसलं म्हणून एखादं कुटुंब घरातच थांबलं, तर? २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या दोन पुरांचं, होऊन गेलेल्याचं पान कर. तारीख सरकवली की बंधाऱ्याची रेघ चढते आणि ज्या जागांची खात्रीची नोंद आहे तेवढ्याच जागा निळ्या होतात. नोंद नसलेली जागा करडी राहू दे, आणि करडी म्हणजे माहिती नाही, कोरडी नाही, हे ठळक लिही.

मांडणीबद्दल थोडकं. कॅमेरा जमिनीखाली जाणार नाही अशी मर्यादा घाल, आणि 'उत्तर वर' असं एक बटण दे, कारण चारदा फिरवलं की माणूस शिवाजी पूल कुठल्या अंगाला ते विसरतो. मोबाईलवर माउस रेंगाळत नाही, त्यामुळं माहिती बोट टेकवल्यावरच यायला हवी. काही हलत नसेल तेव्हा चित्र पुन्हा पुन्हा काढू नकोस. सेकंदाला साठ वेळा विनाकारण काढलं की फोन तापतो आणि लोक पान बंद करतात.

गावांची नावं मराठीत लिहिणार असशील, आणि लिहीच, तर थ्री-जेएसच्या त्रिमिती अक्षरांनी लिहू नकोस. ती एकेक खूण सुटी ठेवत जातात, जोडाक्षर जुळवत नाहीत. 'शिरोळ'ची वेलांटी 'श'च्या उजवीकडं जाऊन पडते आणि 'प्रयाग चिखली'तला 'प्र' फुटतो. चित्रावर साध्या वेबपानाच्या पाट्या तरंगत्या ठेव. त्या ब्राउझर स्वतः लिहितो आणि देवनागरी बिनचूक येते. आपल्याच गावाचं नाव मोडकं दिसलं तर कुणी पुढं बघणार नाही.

लॅपटॉप बदलू नकोस. ज्यांना दाखवायचं त्यांचे फोन फार ताकदीचे नसतात. तुझ्या मशीनवर अडखळलं तर तिकडंही अडखळणार, आणि ते तुला आधीच कळेल.

आईचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. नुसतं वेबवरचं त्रिमिती काम एवढ्यावर पोट भरणारी जागा सहजासहजी मिळत नाही. मिळाली तरी तिथं जावास्क्रिप्ट आणि माहितीची हाताळणी आधी बघतात. त्यामुळं नोकरी सोडायचा विषयच काढू नकोस. रोज एक तास, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळ. पण आईला हेही सांग, की कास्टिंगवरचं काम त्याच सोन्यासारख्या नोकरीतलं आहे. रिजेक्शन कुठून येतं हे दाखवणारी मुलगी कुठल्याही फाउंड्रीला हवी असते. ४० हजारांतले दोन-तीन हजार फार तर एका बऱ्या माउसवर आणि वह्यांवर खर्च कर, बाकीचे बँकेत राहू देत.

आणि एक काम मात्र पुढच्या रविवारीच कर, त्याला कोड लागत नाही. तुमच्या घराच्या भिंतीवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून असतील तर बाबांना बरोबर घे, टेप लाव, आणि रस्त्यापासून खूण किती फूट किती इंच ते लिही. गल्लीतल्या दहा घरांत विचार. बहुतेक कुंभारांच्या घरात कुणीतरी कट्ट्याजवळ नाहीतर भट्टीच्या खोलीत रेघ ओढून ठेवलेली असते. घर, तारीख, उंची, कोणी सांगितलं. यानातून मोजलेल्या कुठल्याही फाईलमध्ये हे आकडे नाहीत, आणि तुझं मॉडेल खरं की खोटं ते यांच्यावरच ताडून बघता येईल. दिवाळीचा रंग लागायच्या आत मोजून घे.